‘निकाल आलाय ताई, आता करू काय?’

शनिवारी सकाळी सात-साडेसातला मी सेम्बावांगच्या उन्हाळ्यावर पाय बुडवून बसते. उन्हाळा म्हणजे ऋतू नव्हे, सिंगापुरात तो बारा महिने असतोच. राजापूरकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात, तो हा शब्द. गॅम्बस अव्हेन्यूच्या कडेला हा झरा आहे. पाणी वर येतं तेव्हा 70 अंशांच्या आसपास असतं, मग टप्प्याटप्प्यानं उतरत पायांना सोसेल इतकं निवतं. जिथे ते कढत असतं तिथे लोक बादलीत अंडी घालून उकडतात. बादली आपली, अंडी आपली, पाणी फुकट. थांबायची तयारी मात्र हवी.

मध्यंतरी तिथे एक मुलगी भेटली. नाशिककडची, तिशीची, नवऱ्याच्या नोकरीमागे येऊन सात महिने झालेले. तिकडे औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होती, इथे डिपेंडंट पासवर घरी. अंडी उकडेपर्यंत तिनं फोन माझ्यापुढे धरला. “ताई, माझं आयएनएफजे आलंय. एनिअॅग्राममध्ये दोन नंबर. ह्यूमन डिझाइनमध्ये प्रोजेक्टर. सगळं अगदी मॅच होतंय हो. पण आता करू काय?”

हा प्रश्न मी इथे इतक्या जणींकडून, आणि हल्ली जणांकडूनही, ऐकला आहे की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. मी मानसतज्ज्ञ नाही. सांगलीच्या एका बँकेत अठरा वर्षं ताळे जुळवले, मग इकडे आले. या चाचण्या मीही केल्या आहेत, आणि एकीसाठी तर सांगायला लाज वाटावी इतके डॉलर मोजले आहेत. तेव्हा जे लिहिते ते गिऱ्हाईक म्हणून लिहिते असं समजा.

आधी त्या ‘सगळं मॅच होतंय’चा हिशेब लावू. 1948 साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं वर्णन ठेवलं. हे तुम्हाला किती लागू पडतं, पाचापैकी गुण द्या, असं विचारलं. सरासरी आली 4.26. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिलेला आहे, आणि त्यातली बरीचशी वाक्यं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली आहेत. तुम्ही वरून शांत दिसत असलात तरी आतून धाकधूक असते, लोकांनी आपल्याला मानावं असं वाटतं, अंगात पुष्कळ गुण आहेत पण वापरले गेले नाहीत, हे ऐकून ‘छे, मी नाही तशी’ म्हणणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

याची घरगुती परीक्षा सोपी आहे. आपल्या निकालातलं वर्णन आणि दुसऱ्या दोन निकालांची वर्णनं, वरची नावं काढून, तीन कागदांवर घ्या. घरातल्या कुणापुढे तरी ठेवा आणि यातली मी कोण ते विचारा. माझ्या नवऱ्यानं तीन कागद चाळले, एक परका उचलला आणि म्हणाला, “हे तर अगदी तूच.”

आपल्या माणसांना हे नवं वाटायचं कारण नाही. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून पत्रिकांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या अशा 200 पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या. कोणती कुणाची ते ओळखायचं. उत्तरं पाठवली 27 जणांनी, आणि बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 आले असते. ह्यूमन डिझाइन हे पत्रिकेचंच परदेशी भावंड आहे. 1987 साली एका कॅनडियन माणसानं इबिझा बेटावर ते मांडलं. त्यात ज्योतिष आहे, चिनी यी चिंग आहे, आपली चक्रंही आहेत. त्यासाठी मिनिटापर्यंत जन्मवेळ लागते. आमच्याकडे माझ्या जन्मवेळेची नोंद ‘दूधवाला नुकताच येऊन गेला होता’ एवढीच आहे, पण ती देऊनही आलेख निघाला. मीही प्रोजेक्टर. मला सांगण्यात आलं की तुम्ही आपणहून काही सुरू करू नका, आमंत्रणाची वाट पाहा. वर्षभर पाहिली. आमंत्रण आलं ते हळदीकुंकवाचं.

मग या सगळ्या पद्धती टाकाऊ का? मला तसं वाटत नाही. आपण ज्या घरांत वाढलो तिथे स्वतःविषयी बोलणं म्हणजे आगाऊपणा. ‘तुला काय येतं?’ या प्रश्नाला ‘विशेष काही नाही’ हेच सभ्य उत्तर. चाळिशी उलटली तरी आपल्याला काय जमतं हे सांगायला पुष्कळांकडे शब्द नसतात. चाचणी निदान ते शब्द हाती देते, आणि दोष आपल्यावर येत नाही: मी नाही म्हणत, निकाल म्हणतोय. एवढं काम ती नक्की करते. त्यापलीकडचं काम तिच्याकडून करवून घ्यायला गेलं की घोटाळा होतो.

म्हणून पहिली सूचना: एकच पद्धत निवडा. दोन घड्याळं असली की वेळ कळत नाही. निवडायचीच तर क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी 2004 मध्ये मांडलेली गुणबळांची यादी मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. तिच्यात 24 गुण आहेत, एकही वाईट नाही, चाचणी फुकट करता येते आणि ती तुम्हाला कुठल्या खोक्यात घालत नाही, फक्त तुमचा क्रम लावते. मायर्स-ब्रिग्जची आयएनएफजेसारखी चार अक्षरं जेवणाच्या टेबलावर गप्पांना छान, पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अक्षर बदललेलं अनेकांना आढळतं. तिच्यावर नोकरी सोडू नका, लग्न तर मुळीच जुळवू नका.

आता इकिगाईबद्दल जरा सविस्तर, कारण सिंगापुरातल्या आपल्या लोकांना सर्वांत जास्त त्रास या एका चित्रानं दिलेला मी पाहिला आहे. चार वर्तुळं: काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवं आणि कशाचे पैसे मिळतात. चारही जिथे छेदतात तिथे तुमच्या जगण्याचं कारण. हे चित्र जपानी नाही. एका स्पॅनिश ज्योतिषाचं ते मूळ चित्र. 2014 मध्ये मार्क विन नावाच्या माणसानं त्याच्या मधोमध इकिगाई हा शब्द लिहिला आणि ते जगभर पसरलं. जपानमध्ये या विषयावरचं मोठं पुस्तक लिहिलं ते मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी, 1966 साली, आणि त्यामागे होता नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग वसाहतीत काम करतानाचा त्यांचा अनुभव. घरदार, नाव, हातापायांची बोटं, सगळं गेल्यावरही काही माणसं सकाळी उठून आनंदानं दिवस सुरू करतात आणि काही का करत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. आनंदवन पाहिलेल्या मराठी माणसाला तो प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. त्या वसाहतीत पैशाचं वर्तुळ कुठून असणार?

आणि आमच्या त्या नाशिकच्या मुलीची नेमकी हीच गोची झाली होती. 1 मे 2021 पासून इथे डिपेंडंट पासवरच्या माणसाला नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. पूर्वी संमतीपत्रावर भागायचं. तिला तो मिळेना. म्हणजे चौथं वर्तुळ रिकामं, म्हणजे चित्र अपुरं, म्हणजे मी अपुरी, असा तिनं हिशेब मांडला होता. मी तिला उन्हाळ्यावरच्या ओल्या फरशीवर बोटानं तीन वर्तुळं काढून दाखवली. चौथं काढलंच नाही. पैशाची चिंता खरी असते, ती वेगळ्या वहीत मांडा. तिला जगण्याच्या अर्थाच्या वहीत घुसू देऊ नका.

दुसरी सूचना, आणि माझ्या मते सगळं काम इथेच आहे: निकालातलं विशेषण टाकून क्रियापद शोधा. सगळ्या चाचण्या विशेषणं देतात. सहृदय, सर्जनशील, न्यायप्रिय, जिज्ञासू. विशेषणाचा शेजारणीला काहीही उपयोग होत नाही. तुम्ही सहृदय आहात, बरं आहे. मग तुम्ही करता काय? ऐकून घेता? डबा पोचवता? भांडणात मध्ये पडता? फॉर्म भरून देता? चार सहृदय माणसांची चार क्रियापदं निघतील आणि एकाचं काम दुसऱ्याला जमणार नाही.

क्रियापद स्वतःला विचारून सापडत नाही, निदान मला सापडलं नाही. जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी 1955 मध्ये जोहारी खिडकी नावाचा चार कप्प्यांचा तक्ता मांडला. त्यातला एक कप्पा असा की आपल्याबद्दलचं जे इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. तो उघडायला पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात की मित्रांना आपले गुण विचारा. आपल्याकडे हे चालत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला मी फोनवर विचारलं, माझे तीन गुण सांग. ती म्हणाली, “बरी आहेस ना? ताप आहे का?” आपल्या माणसांना गुण विचारू नका, काम विचारा. ‘तू मला कशासाठी फोन करतेस?’ एवढंच. बहीण ताबडतोब म्हणाली, “कागदपत्रं बघायला. तुझ्या नजरेतून आकडा सुटत नाही.” जाऊ म्हणाली, प्रवासाची बॅग कशी भरायची ते विचारायला. भाची म्हणाली, दोन नोकऱ्यांचे पगार समोरासमोर मांडून बघायला. तीन माणसं, तीन कामं, क्रियापद एकच: जुळवून बघणं. अठरा वर्षं बँकेत मी जे केलं तेच. पाचजणांना विचारा. सासू किंवा सासरे असतील तर त्यांना जरूर विचारा, ते भीड ठेवत नाहीत.

माणसांना विचारायचा संकोच वाटत असेल तर व्हॉट्सअॅप उघडा. गेल्या तीन महिन्यांत कुणी कुणी तुमच्याकडे काय मागितलं ते कागदावर उतरवा. शुभेच्छा, फॉरवर्ड, वाढदिवस सोडून द्या. ‘जरा बघतेस का’, ‘तुला माहीत असेल’, ‘कसं करू’ असे निरोप शोधा. ज्या कामासाठी तीन वेगळ्या माणसांनी विचारलंय ते तुमचं क्रियापद. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा तुम्हाला इतकं सोपं वाटतं की त्याला गुण म्हणायची लाज वाटते.

या वळणावर मला गडचिरोलीचा विषय काढावाच लागेल. स्वतःचा शोध आणि समाजाचं काम यांची सांगड घालणारी आपल्या भाषेतली सगळ्यात गंभीर पद्धत तिथे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि 2006 पासून तिथे तरुणांसाठी ‘निर्माण’ चालतं. राज्यभरातली विशी-पंचविशीतली मुलं, डॉक्टर, इंजिनिअर, पदवीधर, ‘सर्च’च्या शोधग्रामला निवासी शिबिरांना येतात. मी कोण, मला काय हवंय, हे प्रश्न तिथेही असतात, लांबलचक अर्जापासूनच असतात. पण मुलं त्या प्रश्नांपाशी बसून राहत नाहीत. त्यांना गावं दाखवतात, लोकांचे प्रश्न दाखवतात, आणि ज्याला करून बघायचंय त्याला करून बघायला वाव देतात. डॉ. अभय बंगांची स्वतःची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली आहे. तेरा वर्षांचा हा मुलगा भाऊ अशोकबरोबर सायकलवरून चालला होता. मोठेपणी काय करायचं यावर बोलणं निघालं आणि वाटणी झाली: अशोकनं शेती बघायची, अभयनं आरोग्य. मुलांनी आधी गावाला काय कमी आहे ते पाहिलं आणि मग कोण काय करणार ते ठरवलं. कलचाचणी नव्हती.

बंग दांपत्याच्या दवाखान्याची गोष्ट मला त्याहून आवडते. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत ते त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं ऐकून मोठी इमारत बाजूला ठेवली, झोपड्यांसारख्या खोल्यांचा दवाखाना बांधला, जिथे आजाऱ्याबरोबर घरची माणसं राहू शकतील, आणि त्याला त्यांच्या देवीचं नाव दिलं: मा दंतेश्वरी. म्हणजे आपलं क्रियापद हाती आल्यावरही एक पायरी उरते. समोरच्याला ते हवंय का आणि कसं हवंय, हे विचारायची.

विनोबांचं म्हणणं याच्या थोडं उलट जातं, पण तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांत ते म्हणतात की स्वधर्म हुडकायला कुठे जावं लागत नाही, आईसारखा तो जन्मापासून आपल्याजवळच असतो. मी इथे असं लावून घेतलं की जो ब्लॉक, जी लिफ्ट, जे शेजारी वाट्याला आले, तिथून सुरुवात. ‘आपलं खरं काम’ गडचिरोलीतच असेल असं समजून सेम्बावांगमध्ये हात बांधून बसायचं नाही.

तर तिसरी सूचना: चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं काम घ्या. बस बदलावी लागली की तिसऱ्या आठवड्यात पाऊस आडवा येतो. आमच्या भागाचं सांगते, तुमच्या भागातही थोड्याफार फरकानं हेच सापडेल. एचडीबीच्या ब्लॉकखाली अॅक्टिव्ह एजिंग सेंटरं आहेत. तिथे म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला, फोन वापरायला शिकवायला माणसं लागतात. सन प्लाझामध्ये सेम्बावांगचं वाचनालय आहे. लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवायची किड्सरीड ही योजना नॅशनल लायब्ररी 2004 पासून चालवते, तिला वाचणारे लागतात. 1991 मध्ये स्थापन झालेल्या सिंडाला भारतीय मुलांच्या अभ्यासाला हातभार लावणारे हवे असतात. हातात स्क्रू-ड्रायव्हर शोभत असेल तर रिपेअर कोपीटियाम आहे. 2014 पासून तिथे लोक बिघडलेले पंखे, मिक्सर घेऊन येतात आणि स्वयंसेवक ते त्यांच्याच हातून दुरुस्त करवून घेतात. पन्नाशी ओलांडलेल्या स्वयंसेवकांसाठी आरएसव्हीपी ही संस्था आहे. बाकी गरजांची यादी गिव्हिंग डॉट एसजीवर सापडते.

महाराष्ट्र मंडळ आहेच, आणि तिथे काम करावं. लेखणी चालत असेल तर मंडळाच्या ‘ऋतुगंध’ अंकासाठी लिहावं. फक्त एक निरीक्षण नोंदवते: आपल्या कार्यक्रमांत निवेदन करायला दहा जण पुढे येतात, खुर्च्या उचलायला दोन. ज्यांचं क्रियापद उचलणं असेल त्यांनी मागे राहू नये, तुमची फार गरज आहे.

नियमांचं भान असू द्या. पासवर असाल तर संस्थेला पहिल्याच भेटीत पास कोणता ते सांगा, काय चालतं ते त्या तपासून सांगतात. पैसे घेऊन शिकवण्या म्हणजे काम, त्याला वर्क पास लागतो. दारोदार वर्गणी गोळा करायला इथे परवाना लागतो. गणपतीची पावतीपुस्तकं घेऊन ब्लॉकमध्ये फिरायची सवय तिकडेच ठेवून या.

चौथी सूचना वेळेची. आठ आठवडे, ठरलेला वार, ठरलेला तास. आवडतंय की नाही हे चौथ्या आठवड्याआधी स्वतःला विचारायचंही नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच आपण देवदूत वाटतो आणि तिसऱ्याला सगळ्यांनाच कंटाळा येतो. दोन्ही भावना फसव्या. घरी आल्यावर वहीत तीन ओळी लिहा. मी काय केलं. पुढच्या वेळी तुम्हीच या, असं कुणी म्हणालं का. मी घड्याळ किती वेळा बघितलं. आठ आठवड्यांनी या चोवीस ओळी कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त बोलतात.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते. आमच्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एक चिनी आंटी एकट्या राहतात. इंग्रजी मोजून पन्नास शब्द, माझं होक्किएन शून्य. सरकारी सीडीसी व्हाउचर फोनवर कशी उघडायची ते विचारायला एका मंगळवारी ब्लॉकखालच्या केंद्रात माझ्याकडे आल्या होत्या. ते झालं, आणि जाता जाता त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत दोन वर्षांची पत्रं. पॉलिक्लिनिकच्या तारखा, डोळ्यांच्या तपासणीच्या तारखा, वीजबिलं, देवळाची पावती, सगळं एका रबरबँडात. मी ते टेबलावर महिन्यांप्रमाणे मांडलं. एकाच सकाळी दोन ठिकाणी बोलावलेलं निघालं. त्यातली एक तारीख त्यांच्यासमोर फोन करून बदलून घेतली, कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिली आणि डबा परत केला. पाऊण तास. घड्याळ एकदाही बघितलं नव्हतं. गुणबळांच्या चाचणीत माझा पहिला गुण ‘सौंदर्याची जाण’ असा आला होता. तो डबा सुंदर होता असं म्हणवत नाही. पण पत्रं तारखेवारी लागल्यावर जे वाटलं ते बँकेत ताळा जुळल्यावर वाटायचं तेच होतं. पुढच्या मंगळवारी आंटी आल्या त्या शेजारणीला घेऊन, आणि शेजारणीच्याही हातात डबा. चिनी नववर्षाला आमच्या दाराशी संत्र्यांच्या तीन जोड्या होत्या.

मग मी घरी जाऊन निकालाचा कागद काढला आणि ‘सौंदर्याची जाण’पुढे कंसात लिहिलं: नीटनेटकं लावून देणं. ही पाचवी सूचना. काम करून परत येऊन निकाल दुरुस्त करा. तो तुमचा कागद आहे, तुम्ही त्याच्या मालकीचे नाही.

दोन धोके सांगते. पहिला, आपल्याला सापडलेलं क्रियापद घरच्यांवर चालवू नका. मी उत्साहात सुनेचं कपाट ‘जुळवून’ दिलं आणि महिनाभर घरात बोलणं बेताचंच होतं. मागितल्याशिवाय दिलेली मदत म्हणजे ढवळाढवळ. दुसरा धोका गंभीर आहे. झोप उडाली आहे, भूक मेली आहे, कशातच राम वाटत नाही आणि हे दोनेक आठवडे चाललंय, तर तो जगण्याच्या अर्थाचा प्रश्न समजून चाचण्या करत बसू नका, सेवेनं बरं वाटेल म्हणून स्वतःला रेटूही नका. डॉक्टरांकडे जा. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सिंगापुरात समॅरिटन्स ऑफ सिंगापूरचा 1767 हा नंबर चोवीस तास उचलला जातो. परदेशात एकटं पडलेलं माणूस ‘मी फार विचार करते’ म्हणतं तेव्हा पुष्कळदा ते आजारी असतं.

आणि हो, पैसे. स्वतःचा शोध लावून देणाऱ्या शनिवार-रविवारच्या शिबिरांच्या जाहिराती तुम्हालाही येत असतील. जायचं तर जा, पण जाण्याआधी तेवढे डॉलर बाजूला ठेवून आठ आठवड्यांचं काम पुरं करा. नंतरही जावंसं वाटलं तर बेलाशक जा. निदान काय विचारायचं ते माहीत असेल.

त्या नाशिकच्या मुलीनं पाच जणांना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला तुझी आठवण येते.” आई म्हणाली, दुकानातून आणलेलं बदलून घ्यायचं असलं की. क्रियापद तिला स्वतःलाच कळलं: तपासणं. सध्या ती दर शनिवारी ब्लॉकखालच्या केंद्रात आजी-आजोबांच्या औषधांच्या पिशव्यांतल्या मुदत संपलेल्या पट्ट्या शोधून केंद्रातल्या नर्सबाईंकडे देते. औषध बदलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त तारखा वाचायच्या, अशी तिला ताकीद आहे. परवा सहावा आठवडा झाला. कंटाळा येतो का, विचारलं, तर म्हणाली, येतो.

तुम्ही आज रात्री एवढंच करा. व्हॉट्सअॅप उघडा, तीन महिने मागे जा, कुणी काय मागितलं ते उतरवा. पेन नको, पेन्सिल घ्या. पुष्कळ खोडावं लागतं.